बक्षिसाचा कुकर

आज कुकर घासताना झाकणावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरलं: ‘शून्य अपघात वर्ष’. कारखान्यात वर्षभर एकाही अपघाताची नोंद झाली नाही, म्हणून आम्हा सगळ्यांना असा एकेक मिळाला होता.

त्याच वर्षी माझ्या शेजारच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर सुमनताईंच्या बोटाचं पेर गेलं. हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला जाळी बसवा, असं आम्ही कितीदा सांगितलं होतं. जाळीने काम मंदावतं म्हणे. जाळ्यांपेक्षा कुकर स्वस्त पडले असणार. शिवाय नोंद होऊ नये म्हणून साहेबांना एक शब्दही बोलावा लागला नाही. एकमेकींवर पहारा ठेवायला आम्हीच होतो. दवाखान्याच्या दारात मीच ताईंच्या कानाशी लागले, “विळीवर कापलं म्हणा. सगळ्यांचं बक्षीस जाईल हो.”

 ताई आत जाऊन म्हणाल्या, “घरी भाजी चिरत होते.” कंपनीचे डॉक्टर तेवढं लिहून मोकळे झाले.

बक्षीस समारंभात ताईंनी पट्टी बांधलेल्या हाताने कुकर घेतला. साहेब हसून म्हणाले, “ताई, घरी विळी जरा जपून वापरा.”

सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत राहिले.