बाराव्या मिनिटाला पडणारा काटा

रंजीता राठोड चारचौघांत नवऱ्याला नावानं हाक मारते, ही तांड्यातली जुनी तक्रार. ती घरामागच्या टिनाच्या शेडात विमान बांधते, ही त्यामानानं नवी. मानोऱ्याच्या बसमध्ये दोन्हींची चर्चा एकाच तिकिटात होते, आणि खरं सांगायचं तर बायाबापड्यांना विमानापेक्षा ते 'ए बादल' जास्त झोंबतं. बादलला स्वतःला काही झोंबत नाही. तो 'ओ' देतो आणि पाना आणून देतो.

विमानाचं खूळ ऊसतोडीवर लागलं. सहा हंगाम ती पश्चिमेकडे गेली, पण हातात कोयता कमी आणि पाना जास्त. मुकादमाचा ट्रॅक्टर अडला की बोलावणं रंजीताला. एका हंगामात राहायची खोपी उभारली ती विमान शिकवायच्या मैदानाच्या कुंपणाला लागून. तिथल्या एका रिटायर मिस्त्रीला तिनं इतके प्रश्न विचारले की त्या बिचाऱ्यानं शेवटी नकाशेच देऊन टाकले. तेव्हापासून चार वर्षं गेली. अॅल्युमिनियमच्या नळ्या, वर ताणलेलं कापड, एक खुर्ची, मोडीत निघालेल्या व्हॅनचं इंजिन आणि त्यावर फिरणारा पंखा. उडवायची परवानगी दिल्लीहून यायची होती. ती म्हणायची, "कागद येईन तेव्हा येईन. इंजिन तं आज नीट चाललं पायजे."

आणि नेमकं तेच चालेना.

सुरू केलं की मस्त गुरगुरायचं. बाराव्या मिनिटाला पेट्रोलच्या दाबाचा काटा हळूच खाली सरकायचा. शेजारच्या मीटरवर तासाला किती लिटर पेट्रोल जातंय ते दिसे, तेही उतरायला लागायचं. मग दोन उचक्या, आणि ठप्प.

तांड्याचे नायक धरमसिंग यांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या विहिरीवरची मोटर जळाली होती, आणि व्हॅनच्या इंजिनावर त्यांचा डोळा पहिल्यापासून होता. शेड तांड्याच्या सामाईक जागेवर, तेवढं कारण पुरलं. पारावर सगळ्यांदेखत ते म्हणाले, "रविवारी अर्धा तास सलग चालवून दाखव. बंद पडलं तं शेड खाली कर, अन् इंजिन माह्या विहिरीवर."

बादलनं तिची ओढणी मागून ओढली. रंजीता म्हणाली, "मंजूर."

हातात चार दिवस. मानोऱ्याहून भागवत मिस्त्री आला. मोटरपंपातला नावाजलेला माणूस. रोग सापडला नाही तर रोग्यालाच शिव्या देतो. त्यानं इंजिनावर कान लावला, चहा घेतला आणि निकाल दिला.

"इंजिन ठणठणीत हाये, वहिनी. हे काटेच खोटं बोलून राह्यले. उपटून फेका."

"हा दाबाचा काटा नागपूरच्या भंगारातला. ते मीटर नवंकोरं, कुरिअरनं आलेलं. दोघाईनं एकाच मिनिटाले खोटं बोलाचं ठरवलं? कुठं भेटले ते, आठवडी बाजारात?"

"मंग तुमीच सांगा, काहून पडते?"

"पेट्रोल येऊन नाई राह्यलं, म्हणून पडते. काहून येत नाई, ते पाह्यतो."

भागवतनं जाताना बादलला बाजूला घेऊन सांगितलं, नजर लागलीय, लिंबू बांध. बादलनं बांधलं. रंजीतानं त्याचं सरबत केलं.

मग तिनं रीतसर सुरुवात केली. फिल्टर काढून पाहिला, साफ. इंजिनाकडे जाणारी नळी सोडली, फवारणीच्या औषधाच्या मापात धरली आणि घड्याळ लावून नुसता पंप चालवला. एका मिनिटात भरपूर पेट्रोल आलं. पंप चांगला, नळी चांगली. परत जोडलं, सुरू केलं. बाराव्या मिनिटाला काटा खाली. वहीत पाहिलं तर दसऱ्याआधी हेच इंजिन चाळीस मिनिटं चाललं होतं. दसऱ्यानंतर एकदाही बाराच्या पुढं नाही. दसऱ्याला तर काहीच उघडलं नव्हतं, नुसती पूजा झाली होती. त्या रात्री ती जेवली नाही, आणि जेव म्हणणाऱ्या बादललाही जेवू दिलं नाही.

शनिवारी दुपारी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. इंजिन बंद पडलं की बादल पहिलं काम काय करायचा? टाकीचं झाकण उघडून आत कामटी घालायचा, पेट्रोल किती उरलं पाहायला. मोटारसायकलची सवय. नळी सोडून मोजलं तेव्हाही झाकण उघडंच होतं.

"ए बादल, आज झाकणाले हात लावला तं हात तोडीन."

बादल हात पाठीमागे बांधून उभा राहिला. बाराव्या मिनिटाला काटा पडला, इंजिन थांबलं. झाकण बंदच. रंजीतानं नुसता पंप लावला, काटा वर यायला तयार नाही. शेडाच्या दारात सासू हिरीबाई सोयाबीनमधले खडे निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय वं, तुह्या टाकीचं पोट आत गेलं की. फवाऱ्यासारखं."

रंजीता जागच्या जागी वळली. पत्र्याच्या टाकीची बाजू खरंच आत ओढली गेली होती. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलं की तो असाच आत चेपतो, हे तांड्यात कोणाला माहीत नाही? पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे. ती आली नाही की टाकी आपलं पेट्रोल सोडत नाही. तिनं झाकण फिरवलं. 'सुस्स' करून टाकीनं श्वास घेतला, पत्रा 'टण्' करून बाहेर आला आणि काटा ताठ उभा.

हवेसाठी टाकीवर एक नळी होती, पुढं वाकवलेली, नाकासारखी. रंजीतानं तिच्यावर बोट फिरवलं. बोट केशरी झालं. तेलात कालवलेला शेंदूर, वाळून दगड झालेला, भोकात पक्का बसलेला.

"याडी," सासूला ती आईसारखी अशीच हाक मारायची, "दसऱ्याले हे तू लावलं?"

हिरीबाईच्या हातातलं सूप थांबलं. "देवाले नाकापासूनच लावतेत. मले वाटलं, हेच त्याचं तोंड."

बादलनं डोळे मिटले. रंजीतानं सायकलच्या स्पोकनं शेंदूर टोकरला, नळीत फुंकर मारली आणि एवढंच बोलली, "निवड तू सोयाबीन."

रविवारी सगळा तांडा जमला. विमानाची शेपटी दोरखंडानं बाभळीच्या खुंटाला बांधलेली. नायकांनी आपली खुर्ची विमानाच्या मागं, सावलीत मांडायला लावली.

"तिकडं बसू नका, नायक. पंख्याचा वारा येईन."

"मले वारा शिकवून राह्यली?" नायक बसले. पांढरं धोतर, नवा फेटा.

इंजिन सुरू झालं आणि तांड्याची अर्धी धूळ नायकांकडे निघाली. बारावं मिनिट आलं. बादल काट्याकडे न पाहता बायकोकडे पाहत होता. काटा हलला नाही. वीस मिनिटं. तीस. फेट्याचा रंग ओळखू येईना. नायकांनी हात वर करून 'पुरे' खुणावलं आणि उठायला लागले.

रंजीतानं विमानातल्या खुर्चीतूनच ओरडून सांगितलं, "बसा! सलग म्हणलं होतं तुमी. टाकीत पेट्रोल हाये तोवर सलगच!"

सगळ्यांसमोर उठून जायचं कसं? नायक बसले. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला काटा पडला, इंजिन थांबलं. तिनं झाकण उघडून टाकी दाखवली. कोरडी.

"पाह्यलं? संपलं म्हणून पडला. काटा खोटं बोलत नाई."

नायक धूळ झटकत म्हणाले, "चार दिस काय खराबी होती मंग?"

"माशीनं घर केलं होतं नळीत."

"माशी कायची!" गर्दीतून हिरीबाई ताटली घेऊन पुढं आली. "म्या लावला होता शेंदूर. माह्या सुनेचं इमान हाये, मी पूजा करीन नाई तं काय करीन? आजही लावतो. फक्त नाक सोडून."

आणि खरोखर तिनं लावला, थेट पंख्याच्या मधोमध. रंजीता तोवर त्या वाकड्या नळीवर तळहात ठेवून उभी होती.

नायक वळले. मागून रंजीताचा आवाज आला, "नायक, जळलेली मोटर उद्या आणा. नवी तार गुंडाळून देतो. अन् खुर्ची घेऊन या, नंबर लागाले वेळ लागन."