विमान, गडगा आणि दोन सह्या

आमच्या मांडवीच्या संध्याकाळच्या बैठकीत आप्पाच्या विमानाचे किस्से आंब्याच्या रिकाम्या पेट्यांसारखे साचलेत. एक ओढला की वरचे दोन अंगावर येतात.

आप्पा म्हणजे आमचा बागायतदार मित्र, वय अडुसष्ट, हौसेने वैमानिकाचं लायसन काढलेला. त्याच्या आंब्याच्या शेडमध्ये दोन सीटचं, जुनं, हलकं विमान पडून होतं. नोंदणी नाही, म्हणून उड्डाण नाही. त्यात आप्पाचं वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट येत्या मेमध्ये संपतंय, आणि त्याचं बीपी बघता पुढचं मिळेल याची खात्री त्याला स्वतःलाही नाही. तेव्हा जे काय व्हायचं ते मेच्या आत. मी रिटायर्ड हेडक्लार्क, त्यामुळे अर्ज लिहिणं ओघानेच माझ्याकडे आलं.

*

आप्पा आधी गेला तो ओळखीच्या आरटीओ एजंटकडे. त्याने मान वर न करता विचारलं, "चाकं किती?"

"तीन."

"मग रिक्षाच की. पण परमिट सध्या बंद आहेत."

*

पुढे अर्ज दिल्लीला, विमानखात्याकडे गेला. हे विमान नक्की कुठल्या वर्गात बसतं, यावर तिथून तीन पत्रं आली आणि तिन्हींत वेगळं उत्तर. शेवटी वजनावर ठरेल असं कळलं. आम्ही पंख सोडवून विमान टेम्पोत घालून हातखंब्याला नेलं आणि ट्रकच्या वजनकाट्यावर उतरवलं.

"गाडी नंबर?" काटेवाला म्हणाला.

"नंबर मिळवायलाच तर वजन हवंय."

"नंबर टाकल्याशिवाय पावती निघत नाय, काका. मशीनच घेत नाय."

आप्पाने शांतपणे स्वतःच्या स्कूटरचा नंबर सांगितला. महिन्याभराने दिल्लीचं पत्र आलं: "सदर स्कूटर उडते काय, याचा खुलासा करावा."

खुलासा लिहिताना मला जेवढा घाम फुटला तेवढा नोकरीत कधी फुटला नव्हता.

*

मग एक नंबर राखून मिळाला. तो विमानावर रंगवून फोटो पाठवायचा होता. आप्पाने होड्या रंगवणारा पेंटर बोलावला. त्याने नंबर झकास काढला आणि खाली आपणहून 'श्री भगवती प्रसन्न' लिहून टाकलं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"नाव नाय तर दर्या वळखत नाय."

"अरे, हे दर्यात नाही जायचं."

पेंटरने विमान पुढून मागून निरखलं. "तुमी कायपन म्हना," तो म्हणाला, "शेवटी दर्यातच जानार."

*

सगळं होत आलं आणि दिल्लीने विचारलं, दुसऱ्या मालकाची सही कुठाय?

आमच्याकडे एकट्याच्या नावावर काही घ्यायची सवयच नाही, आंब्याचं कलमसुद्धा सामायिक. त्याच सवयीने आप्पाने विमानाचं बिल धाकट्या भावाच्या, बापूच्याही नावावर केलं होतं. नंतर दोघांच्या बागांमधल्या हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडण झालं आणि बोलणं बंद. त्याला अकरा वर्षं झाली. घरं समोरासमोर!

अर्ज घेऊन मी गेलो. बापूने तो दोनदा वाचला.

"सही करतो. पण पहिल्या फेरीला मी बसणार. गडगा कुणी सरकवलाय ते मला वरून बघायचंय."

आप्पाने हे ऐकलं आणि सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाला, "त्याला सांग, टोपी घालून येऊ नको. उडेल."

*

फेब्रुवारीत कागद आले. सगळ्या परवानग्या घेऊन दोघं एकदाचे गावावरच्या सड्याच्या सपाट माळावरून उडाले. आम्ही खाली माना वर करून उभे. वीस मिनिटांनी विमान उतरलं.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"त्यानेच सरकवलाय," बापू म्हणाला.

"ह्यानेच," आप्पा म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी दोघं गडगा बघायला वर जातात. निकाल अजून लागलेला नाही. खाली उतरले की बोलणं पुन्हा बंद.

परवा मी आप्पाकडे चहा पीत बसलो होतो, तर अकरा वर्षांनी बापू त्याची पायरी चढून आला. आप्पाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"वहिनी," तो म्हणाला, "याच्या आमटीत मीठ कमी घाला. मे जवळ आलाय."