अर्थिंगची खोडलेली ओळ

नागनाथ वायरमनच्या तोंडावर मी बुक्की मारली, हे सास्तुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. का मारली, ते मात्र आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, भावाला नाही. तुळजापूरला देवीपुढं हात जोडून उभा राहिलो, तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का — ते मला विचारू नका.

लोकांना वाटतं, बायकोपायी मारली. पाठ थोपटली माझी लोकांनी. नवरा असावा तर असा, म्हणाले. आणि मी? मी मान खाली घालून ऐकून घेतलं, जसं काही ते कौतुक मला पेलवतच नव्हतं!

मी मुळातच तापट माणूस. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट भिरकावणारा. घरात मागं मला जमदग्नी म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. त्यामुळं मी कुणाला मारलं तर लोकांना नवल वाटत नाही. पण ती बुक्की रागाची नव्हती. — नाही, थांबा. आधी कोटेशनचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी लोहाऱ्याला एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. खुर्च्या घ्यायच्या असोत की खिडकीच्या काचा, तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता मांडायचा आणि सगळ्यात कमी दरावर खूण करायची. जन्म गेला त्यात. तक्त्याचा आमच्याकडं एक नियम आहे — जी बाब तिन्ही कोटेशनांत नाही, ती तुलनेत धरायची नाही. खोडायची. म्हणजे तक्ता सरळ दिसतो, साहेबाची सही पटकन होते.

आमचं घर भूकंपानंतर मिळालेलं, दोन खोल्यांचं. मागं-वर आम्ही खोल्या वाढवत गेलो, वायरिंग मात्र जुनंच. बोर्डाला हात लावायला भीती वाटायला लागली, तेव्हा सगळं नवं करायचं ठरवलं. आणि मी काय केलं? घरच्या कामालाही तीन कोटेशनं मागवली. लोहाऱ्याच्या एका दुकानदारानं छापील कागदावर दिलं. उमरग्याच्या ठेकेदारानं घर न बघताच फोनवर पाठवलं. तिसरा नागनाथ — आमच्याच गावचा, दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्यानं अर्धा दिवस घातला. भिंत न भिंत मोजली, मिक्सर कुठं ठेवता, पाण्याची मोटार कुठं लावता, हे सुशीलेला, माझ्या बायकोला, विचारून घेतलं. आमच्या पोरीच्या वहीचं पान फाडून त्यावर सगळं लिहिलं. शेवटची ओळ अर्थिंगची होती: मागच्या बाजूला खड्डा, त्यात पाईप, कोळसा, मीठ — कुठं करंट उतरलाच तर तो जमिनीत जावा म्हणून. बाकी दोघांच्या कोटेशनात अर्थिंगचं नावच नव्हतं.

मी तक्ता मांडला आणि लाल पेनानं ती ओळ खोडली. कशासाठी? तक्त्यात बसत नव्हती म्हणून! खोडल्यावर नागनाथ सगळ्यात स्वस्त ठरला, आणि आपण त्याचं भलंच केलं असं मला वाटलं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

लाल रेघ बघून तो अडून बसला. “भाऊसाहेब, अर्थिंगबिगर म्या लाईन सोडत न्हाय. बायका पान्यात उभ्या ऱ्हाऊन मोटारीला हात लावतेत.” माझं डोकं तापलं. हा मला शिकवणार? खड्ड्याचं मी माझ्या माणसाकडून आठ दिवसांत करून घेतो म्हणालो, आणि जमत नसेल तर उमरग्याचा तयारच आहे, हेही सुनावलं. त्याला कामाची गरज होती. शेवटी त्यानं त्याच पानावर खाली लिहिलं — ‘अर्थिंग मालक स्वतः करून घेणार’ — आणि माझी सही मागितली. मी केली. झेरॉक्स काढून देतो म्हणालो आणि पान खिशात घातलं. झेरॉक्स मी कधीच दिली नाही.

अर्थिंगची वायर त्यानं पदरमोड करून घरभर ओढली होती. तिचं टोक मागच्या भिंतीतून बाहेर काढून गुंडाळून ठेवलं होतं. फक्त खड्डा काढून जोडायची बाकी. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे चार महिने. नागनाथनं दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा एसटी स्टँडवर, चार माणसांत. मी खेकसलो — तुझं काम झालं ना, मग तुला काय करायचंय?

मग ती सकाळ. नळाला पाणी आलेलं, सुशीला अनवाणी, अंगणात ओल. मोटारीच्या लोखंडात करंट उतरला होता. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती थरथरत चिकटून राहिली. मला स्विच सुचला नाही. कुदळीचा दांडा उचलला आणि तिच्या मनगटावर घातला. एकदा सुटली नाही. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा सुटली. तळहात भाजून काळा पडला होता. ती जगली. उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली.

दुपारी तिचे दोघे भाऊ कळंबहून दवाखान्यात आले. तिचे कपडे न्यायला आम्ही तिघं घरी आलो, तर ओट्यावर नागनाथ बसलेला. ऐकलं तसा धावत आला होता, मोटार उघडून तपासून बसला होता. गल्ली जमलेली. मला बघून उठला. “भाऊसाहेब, म्या म्हनलं व्हतं न्हाय का, अर्थ—”

आणि मी मारली.

आता कळलं का? तो शब्द पुरा होऊ नये म्हणून मारली. हात उचलताना मला राग नव्हता हो, मी अगदी शुद्धीवर होतो. तोंडच नेम धरून फोडलं, कारण बोलणार तोंडच होतं. ओठ फाटला, दात माझ्या बोटांत रुतले. मी ओरडलो — यानं मारली माझ्या बायकोला! तेवढं पुरे झालं. मेव्हण्यांनी त्याला ओट्याखाली ओढला आणि लाथांनी तुडवला. तो तोंडातलं रक्त थुंकत एवढंच म्हणत होता, “कागुद काढा, भाऊसाहेब. कागुद काढा.”

“कसला कागद?” मी म्हणालो. सगळ्या गल्लीसमोर.

त्याची पिशवी सांडली होती. धाकट्या मेव्हण्यानं त्याचाच हातोडा उचलला, त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. नको म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ होता मला. एक घाव बसला. मग दुसरा. दुसऱ्याच्या आधीही वेळ होता.

मेव्हणे गेल्यावर ते पान मी चुलीत घातलं.

गावानं बैठक बसवली. पोलिसांत जायला नको, आपसात मिटवा म्हणाले. नागनाथच्या तोंडाला टाके, हात गळ्यात बांधलेला. त्यानं अर्थिंगचं सांगून बघितलं. कागद दाखव म्हणाले; तो कुठून दाखवणार? शेवटी त्यालाच माफी मागायला लावली. त्यानं मागितली — माझ्या पायाकडं बघत. आणि मी मोठ्या मनानं माफ केलं! बैठकीत चहासुद्धा प्यालो.

पुढच्या आठवड्यात मागच्या बाजूला मीच खड्डा काढला. विचारणाऱ्यांना सांगितलं, शेवग्याचं झाड लावतोय. त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, परगावचा माणूस आणून वायर जोडून घेतली. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

नागनाथची बोटं आता पेचकस धरत नाहीत. गावातल्या कुणी त्याला पुन्हा बोर्डाला हात लावू दिला नसता, ते वेगळंच. तो लोकांच्या शेळ्या राखतो. रस्त्यात दिसला की मी मोटरसायकल जोरात काढतो.

सुशीला रोज त्याला शिव्या घालते. भाकरी थापताना बोटं वळत नाहीत, तेव्हा घालते. पदर खोचताना घालते. तिचे शिव्याशाप माझ्या कानाजवळून त्याच्या घरी जातात.

यंदा संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. नागनाथची बायको रुक्मिण तिथं आली होती. तिनं तिळगूळ पुढं केला. सुशीलेनं तो हात झटकला आणि त्याच आखडलेल्या हातानं तिच्या थोबाडीत दिली. सगळ्या बायांसमोर. रुक्मिणला खरं माहीत असणार, नवऱ्यानं सांगितलंच असणार. तरी तिनं म्हणे सांडलेले तीळ गोळा केले आणि गेली.

सुशीला घरी आली तेव्हा धापा टाकत होती, डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बराबर केलं का न्हाय म्या?” तिनं विचारलं. “सांगा की वो.”

मी तिच्याकडं बघितलं.

“बरोबर केलंस,” मी म्हणालो.