श्यामकांतच्या रक्तातला विषाणू

श्यामकांत अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर होता. १९८८ साली पालेगावजवळ स्कूटरवरून पडून त्याची मांडी मोडली. ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवावं लागलं. रक्तात एचआयव्ही आहे का, हे तपासायची तेव्हा सक्ती नव्हती. पाय बरा झाला. काही वर्षांनी ताप हटेना, अंग वाळत चाललं, तेव्हा कुठे निदान झालं.

त्याची बायको वृंदा उल्हासनगरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिची तपासणी निगेटिव्ह आली. कात्रपला ते राहत त्या बिल्डिंगमध्ये त्यांनी ‘टीबी’ एवढंच सांगितलं. तरी शेजारच्या कौसाबाईंनी वाटीची देवाणघेवाण बंद केली.

मुंबईच्या डॉक्टरांनी नव्याने आलेल्या गोळ्या सुरू केल्या. ताप उतरला, भूक लागू लागली. श्यामकांत पुन्हा ड्युटीवर गेला. एका रविवारी आईला म्हणाला, “माई, वालाचं बिरडं कर.” माईंना वाटलं, पोरगा सुटला.

दिवाळीनंतर ताप परत आला. गोळ्या तर चालूच होत्या.

“बॅच खराब असेल,” श्यामकांत म्हणाला. कारखान्यातला माणूस, त्याला आधी मालाचाच संशय.

“औषध तेच आहे,” वृंदा म्हणाली. “विषाणू बदललाय.”

“औषधाला चुकवायला शिकला?”

“त्याला कसलं शिकणं. तो पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो आणि त्यात सतत चुका करतो. चुकलेल्या बहुतेक नकला वाया जातात. एखादीत चूक अशी होते, की औषधाला ती धरताच येत नाही. बाकीच्या थांबतात, ती वाढत राहते. मग अंगभर तिचीच पिल्लावळ.”

श्यामकांतने गोळ्यांची बाटली उचलली. “म्हणजे गोळ्या घेऊन मीच त्याला निवडून दिला.”

वर्गात ती नैसर्गिक निवड जवळपास अशीच समजावून सांगायची.

“असं नका हो म्हणू,” ती म्हणाली. “गोळ्या नसत्या तर...”

डॉक्टरांनी दुसरं औषध परदेशातून मागवायचं ठरवलं. ते यायच्या आत न्यूमोनियाने गाठलं. ९५च्या उन्हाळ्यात श्यामकांत गेला. स्मशानात कारखान्यातले दोघंच आले, आणि तेही लांब उभे राहिले.

पुढच्या वर्षी वृंदाच्या वाचनात आलं, की परदेशात तीन औषधं एकदम देतात. एका औषधाला चुकवणारी नक्कल सहज निघते. तिन्हींना एकाच वेळी चुकवणारी निघणं फार अवघड. तिकडची आजारी माणसं अंथरुणातून उठून कामाला जात होती.

तिने माईंना ते सांगितलं. माई तांदूळ निवडत होत्या.

“आपण त्याला एकच दिलं,” माई म्हणाल्या.

“तेव्हा एवढंच होतं, माई.”

“होय.” माईंनी सूप खाली ठेवलं. “आणखी एक वर्ष कसंही काढलं असतं त्याने, तर?”

वृंदा सूप ओढून घेऊन उरलेले तांदूळ निवडू लागली.