सूट, सफारी आणि पर्सनल ट्रेनर

आईवडिलांच्या खालोखाल माझ्यावर कुणाचे उपकार असतील, तर ते उदगीरच्या आमच्या टेलर मास्टरांचे. आणि उदगीर शहरात आजवर जेवढी पोटं उतरली, त्यांतली निम्मी तरी या माणसानं एका स्टुलावर बसल्या बसल्या उतरवली, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. बाजारात त्यांचं एका खणाचं दुकान आहे. पाटीवर वरच्या ओळीत 'सूट, सफारी, पठाणी' आणि तिच्याखाली जरा ताज्या रंगात 'पर्सनल ट्रेनर, घरपोच'. त्याचं झालं असं, की तीस वर्षं लोकांच्या पँटी कमरेत सैल करून देऊन मास्टर कंटाळले. एके दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाची पँट तशीच घडी घालून परत दिली आणि सांगितलं, पँट बरोबर आहे, तुम्ही चुकलात. महिनाभर रोज किल्ल्यापर्यंत चालत जा आणि मग घालून बघा. महिन्यानं पँट बसली. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की त्यानं शिलाईच्या वर आणखी काही हातावर ठेवलं. रेडिमेडमुळं शिवणकाम तसंही कमी होत चाललं होतं. मास्टरांना जोडधंदा सापडला.

त्यांची शिकवण्याची पद्धत दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नाही. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "काटा सांगतो किती हाय, टेप सांगती कुठं हाय," असं म्हणून ते गळ्यातली टेप काढत. उठाबशा मोजतानाही त्यांच्या तोंडात शिंप्याचेच आकडे येत: पाव, अर्धा, पाऊण, एक. दहा उठाबशा घालायच्या म्हणून हौसेनं उभा राहिलेला माणूस चाळीस घालून भिंतीला टेकायचा, आणि मास्टर वहीत शांतपणे 'दहा' लिहायचे. लग्नाच्या पंगतीत समोरून जाणाऱ्या माणसाकडं बघून ते शेजाऱ्याला हळूच 'दीड इंच' असं सांगत, आणि तो पाहुणा जिलेबी परत ठेवी. स्वतः मास्टर मात्र चांगले गोल होते. माझ्या देखत त्यांनी एकही उठाबशी काढलेली नाही. एका गिऱ्हाइकानं हे तोंडावर बोलून दाखवलं, तर मशीन न थांबवता ते म्हणाले, "लेडीज ब्लाउज बी शिवतो मी. घालून बघतो काय?"

मी मुखेडकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी उदगीरच्या कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलो तेव्हा धाकट्या बहिणीला अकरावीला घालायचं होतं, आणि दोघांचं एकदम भागणार नाही हे वडिलांनी फार वाईट वाटून सांगितलं. उदगीरमध्ये काही काम मिळालं तर वर्ष पुरं होणार होतं, नाहीतर गावाकडं परत. त्या काळजीत मी माझी एकुलती एक बरी पँट रफू करायला मास्टरांकडं नेली. त्यांनी पँटीकडं बघितलंच नाही, माझ्या पिंढऱ्यांकडं बघितलं. पळतोस काय म्हणून विचारलं. रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर पळतो म्हटल्यावर टेप लावून माझं माप वहीत घेतलं आणि मला ठेवून घेतलं. गिऱ्हाइकं वाढली होती, गुडघे कुरकुरत होते, घरपोच जायला त्यांना माणूस हवाच होता.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मोंढ्यातले आडत दुकानदार अप्पा. तीन महिन्यांवर त्यांच्या मुलीचं लग्न आलेलं. व्याह्यांनी जोधपुरी कोटासाठी हैदराबादहून भारी कापड पाठवलं होतं. मास्टरांनी तो कोट त्या दिवशीच्या अप्पांच्या मापानं कापलाच नाही. लग्नाच्या दिवशी अप्पा जसे असायला हवेत, त्या मापानं कापला. वर शिवणीत सैल करायला कापडही सोडलं नाही. मी घाबरून विचारलं, तर म्हणाले, "जागा ठेवली की मानूस सुधरत न्हाई." कोट बसला नाही तर मास्टरांचं तीस वर्षांचं नाव जाणार होतं, आणि त्यांच्याबरोबर माझं शेवटचं वर्ष.

अप्पांच्या गच्चीवर रोज पहाटे आम्ही नेमानं व्यायाम करत होतो. अडचण त्यानंतर सुरू व्हायची. खाली उतरलो की अक्का म्हणजे अप्पांच्या मंडळी ताटल्या मांडून बसलेल्या असत. कधी लिंबू पिळलेला चुरमुऱ्यांचा सुशीला, कधी पुऱ्या, सोमवारी हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर आणि तिच्यावर तुपाची धार. घरी आलेल्या माणसाला तसंच पाठवायची त्या घरात रीत नव्हती, आणि आलेल्या माणसाला एकट्यानं खाऊ देणं तर अप्पांना साफ नामंजूर. मी एक घास घेतला की ते दोन घेत. चुकतंय हे मला कळत होतं. उद्या नक्की नाही म्हणायचं असं मी रोज ठरवत होतो. पण त्या दिवसांत मी मेसमध्ये दुपारचं एकच जेवण लावलं होतं, आणि हुग्गीचा वास गच्चीपर्यंत यायचा.

लग्नाला महिना राहिला असताना माझ्या पँटीचं बटण तुटलं. लावून घ्यायला गेलो तर मास्टरांनी सवयीनं टेप लावली, मग वहीतलं जुनं पान काढलं. आदल्याच दिवशी अप्पा माप देऊन गेले होते. मास्टरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

"अप्पाचं वाढलं अर्धा," ते म्हणाले, "तुझं अडीच. व्यायाम कोन करून राहिलंय तिथं?"

मी सगळं सांगून टाकलं. काम सोडतो, असंही म्हणालो. त्यांनी एवढंच विचारलं की मेसमध्ये दुपारी जेवतोस, मग रात्री काय. रात्री काही नाही, मी म्हटलं. दुकानामागंच त्यांचं घर होतं. त्यांनी पडद्याकडं तोंड करून चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारली आणि सकाळची भाकरी एका माणसाची जास्त करायला सांगितलं. मग माझ्याकडं वळले. "उद्यापासून हितं खाऊन जायचं बेटा. पोट भरलेलं असलं की न्हाई म्हनायला खोटं बोलावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना सांगितलं की खाऊन आलोय. अप्पांचा विश्वास बसेना. त्यांनी एकट्यानं एक घास घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि ताटली सरकवली. "एकट्यानं काय खावं?" म्हणाले. चार दिवस त्यांनी मला नाना परींनी गळ घातली. सोमवारी हुग्गीचं पातेलं माझ्या नाकाखालून फिरवून नेलं. पण चाचींची ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी पोटात असताना माझं काही बिघडत नव्हतं. शेवटी अप्पा नुसत्या ताकावर आले, अक्का आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि टेप रोज थोडी थोडी मागं सरकू लागली.

लग्नात सगळा मांडव नवरा-नवरीकडं बघत होता. मास्टर आणि मी कोटाच्या तिसऱ्या बटणाकडं बघत होतो. अक्षता टाकायला अप्पांनी हात वर केला की मास्टर श्वास रोखून धरायचे. बटण टिकलं. जेवणात अप्पांनी सहा जिलेब्या घेतल्या तेव्हा मी उठायला लागलो, तर मास्टरांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

त्या वर्षी मी पदवीधर झालो. लग्नानंतर मला आणखी गिऱ्हाइकं मिळाली, पण चाचींनी सकाळची भाकरी शेवटच्या पेपरपर्यंत बंद केली नाही. आता मी लातूरला एका कचेरीत नोकरीला आहे आणि कामावर जाण्याआधी दोन घरी व्यायाम शिकवतो. चाची यंदा हैदराबादला मुलाकडं गेल्या, नातवंडं सांभाळायला. मास्टर गेले नाहीत. तीन गिऱ्हाइकांच्या कमरा अर्ध्यावर सोडून कसं जायचं, म्हणाले. परवा अप्पा लातूरला भेटले. मास्टर हल्ली सकाळी चहात टोस्ट बुडवतात आणि चूल पेटवत नाहीत, पठाणी अंगावर लोंबायला लागलाय, असं ते सांगत होते. फोनवर मास्टर 'खैरियत?' आणि 'बस' याच्या पुढं जात नाहीत. म्हणून काल मी त्यांना पत्र टाकलं:

"मास्टरांना सलाम. माझं बरं चाललंय. बहीणही यंदा पदवीधर झाली. तुमची तब्येत अप्पांकडून कळली. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून विचारत नाही, कळवतो. येत्या रविवारपासून दर रविवारी मी पहिल्या एसटीनं उदगीरला येणार आहे. भाकरी मला थापता येते, तुम्ही पीठ तेवढं आणून ठेवा. मी काही न खाता निघेन. आणि तुम्ही पुढ्यात येऊन बसेपर्यंत ताटाला हात लावणार नाही."