लोर्नाचं शिलाई मशीन

नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात रोज सकाळी रेडिओवर जुन्या वस्तूंच्या विक्रीचा कार्यक्रम लागायचा. फोन करून वस्तू सांगायची, पत्ता द्यायचा. नवरा गेल्यापासून लोर्ना दर आठवड्याला तेच शिलाई मशीन विकायला काढायची. कोणी आलं की कॉफी, केक, तासभर गप्पा, निघताना म्हणायची, "राहू दे बाई, विकायचं मन होत नाही." गावाला हे ठाऊक होतं, तरी लोक यायचे.

मग रेडिओ स्टेशनचा मालक बदलला आणि तो कार्यक्रम बंद झाला. आता दूरच्या शहरातून एक माणूस दिवसभर राजकारणावर ओरडत असे आणि ऐकणाऱ्यांचे फोन घेत असे. लोर्नानं तरीही फोन लावला.

"आजी, राग कशाचा आलाय?" तिकडे फोन उचलणाऱ्या मुलीनं विचारलं.

"राग कसला गं? मशीन विकायचंय."

"मग नाही घेता येणार. आम्हाला चिडलेली माणसं लागतात."

दुसऱ्या दिवशी लोर्ना म्हणाली, "चिडलेय, चांगलीच!" लगेच फोन त्या ओरडणाऱ्या माणसाला जोडला गेला. तिनं घाईघाईनं मशीनचं सांगितलं, गावाचं नाव घेतलं, केक केलाय म्हणाली.

"हे गाव कुठं आलं, आजी?" तो माणूस हसला आणि त्यानं फोन तोडला.

संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. गावात ते स्टेशन आता तिच्याशिवाय कोणी ऐकतच नव्हतं.