ढवळतंय का?

पाटोद्याच्या बसस्थानकात लिंबे विकणारा कासम हा सद्गृहस्थ होता. परंतु त्याचा संसार इतरांच्या मळमळीवर उभा होता, त्याला तो काय करणार? बसमध्ये बसण्यापूर्वी नाकाशी धरायला लिंबू घ्यावे, ही या भागाची रीतच. डिझेलच्या गाड्यांनी धूर ओकावा, त्या धुराने प्रवाशांनी ओकावे आणि या दोहोंच्या मधल्या अवकाशात कासमने आपली टोपली रिकामी करावी, अशी सुरळीत व्यवस्था होती. आपल्याकडे काही सुरळीत चालले आहे असे दिसले, की ते सुधारायला माणसे हजर होतातच.

एके दिवशी गळ्यात हार घालून विजेवरची बस आली. भाषणांत हवेचे, आरोग्याचे आणि भावी पिढ्यांचे कल्याण झाले. कासमचा उल्लेख कोणीही केला नाही. धूर नाही, वास नाही, खडखडाट नाही. बीडला गेलेले प्रवासी चक्क हसतमुखाने परतू लागले. टोपलीतली लिंबे सुकून सुपारीएवढी झाली. घरी सकाळी सरबत, दुपारी लोणचे. अखेर बीबीजानने नवऱ्याला बजावले, की आता घरात आणखी एक लिंबू आले तर उलटी तिलाच होईल.

कासमचा भरवसा उरला होता तो मांजरसुंब्याच्या घाटावर. वळणे काही विजेची झाली नव्हती. तिथे एक जरी माणूस आडवा झाला, तरी धंद्यात धुगधुगी आहे असे समजायचे. हे डोळ्यांनी पाहावे म्हणून टोपली बीबीजानच्या हवाली करून तो बसमध्ये चढला आणि मुद्दाम आश्रुबाशेजारी बसला. मेंढरांमागे डोंगर पालथे घालणारा हा आश्रुबा पूर्वी बसने वेस ओलांडण्याआधीच खिडकी गाठायचा. इतके एकनिष्ठ गिऱ्हाईक कासमला दुसरे नव्हते.

घाट लागला. कासमने मायेने विचारले, "आश्रुबा, ढवळतंय का?"

"न्हाई बा. पाळण्यात बसल्यावानी वाटतंय."

कासमने पुन्हा विचारले. पुढच्या बाकावरच्या वत्सलाबाईंना विचारले, मागच्यांना विचारले. मग कासमने आश्रुबाला, त्याने गेल्या दिवाळीत खाल्लेल्या शिळ्या भज्यांची, त्यांच्या परतीच्या प्रवासासह, साद्यंत आठवण करून दिली. आश्रुबा घोरू लागला.

एवढे रसभरीत वर्णन करणाऱ्याच्या स्वतःच्या पोटाचे काय होते, हे कासमच्या ध्यानातच आले नव्हते. एका वळणावर त्याचे शब्द थांबले. हात खिडकीकडे गेला. तिथे न उघडणारी अखंड काच होती. ही आपली प्रगती. कंडक्टर उज्ज्वला पिशवी घेऊन धावली, पण तिला अंमळ उशीर झाला. त्या आवाजाने आश्रुबा जागा झाला आणि त्याच्यातले जुने गिऱ्हाईकही जागे झाले. वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला. पाहता पाहता अवघी बस लिंबू मागू लागली, आणि लिंबे तर पाटोद्यात. आश्रुबाच्या खिशात मागच्या खेपेचे एक वाळके निघाले, ते नाकानाकांवरून फिरले. विकणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत शेवटी आले.

बीडला उतरताना उज्ज्वलाने हात जोडले. "चाचा, गाडी बेस हाय. तुमी इचारता कशाला?"

परतीच्या वाटेवर कासमने या प्रश्नाचा मन लावून विचार केला.

आता तो बसने कुठेच जात नाही. गाडी सुटण्यापूर्वी टोपली घेऊन आत एक फेरी मारतो आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे काळजीने पाहत तेवढेच दोन शब्द विचारतो. पाटोद्याची हवा स्वच्छ आहे. लिंबे पुरत नाहीत.